समकालीन, समकालिक की आणखी काही?

देवगडकडच्या एका शाळेतल्या बाईंचा प्रश्न आहे. नववीच्या मुलांसाठी मेंदूवर टिपण काढताना त्यांनी लिहिलं, 'आठवण साठवताना मेंदूतल्या चेतापेशी समकालीन होतात.' त्यावर एका मुलीने विचारलं, 'म्हणजे शिवाजी महाराज आणि औरंगजेब होते तशा?' मूळ इंग्रजी शब्द सिंक्रोनी, म्हणजे एका वेळी, एका लयीत घडणं. मराठीत काय म्हणावं?

मुलीला पैकीच्या पैकी गुण द्या. समकालीन म्हणजे एकाच काळात होऊन गेलेले. तिथे हिशेब वर्षांचा असतो, चेतापेशींचा सेकंदाच्या हजाराव्या भागांचा. 'समकालिक' अर्थाने चालेल, पण वर्गात म्हणून बघा, निम्म्या मुलांना समकालीनच ऐकू येईल. 'तुल्यकालिक' हा हिंदी परिभाषेतला शब्द आपल्याकडे रुळलेला नाही. 'एकताल' म्हणावं तर तो बारा मात्रांचा ताल, आणि 'एकसुरी' म्हणजे तर कंटाळवाणं!

शब्द शोधण्याआधी वस्तू बघू. रापण ओढताना तुम्ही पाहिलीच असेल. जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावर, दोन्हीकडे माणसांची रांग, टाचा वाळूत रुतवून मागे मागे सरकणारी. एकट्याच्या हिसक्याने दोरी नुसती ताणते, जाळं जागचं हलत नाही. आरोळी आली आणि सगळ्यांचा जोर एका क्षणी पडला, की ते हातभर पुढे येतं. चेतापेशीचंही असंच आहे. तिच्याकडे हजारो पेशींकडून इशारे येत असतात. विस्कळीत आले तर विरून जातात, काही मिलिसेकंदांच्या आत एकत्र आले तर ती पेटते आणि पुढे इशारा धाडते.

पाहण्याच्या बाबतीत हे ठळकपणे मांडलं ते फ्रँकफर्टच्या वुल्फ सिंगर आणि चार्ल्स ग्रे यांच्या गटाने, 1989 मध्ये. मांजराच्या दृष्टिकेंद्रातल्या एकमेकींपासून लांबच्या पेशी, डोळ्यापुढून एकच लांब पट्टी सरकताना, सेकंदाला साधारण 40 ठोक्यांच्या लयीत एकत्र पेटत होत्या. त्याच जागी दोन पट्ट्या उलट दिशांना सरकवल्या की ही जुळणी मोडायची. 'हे तुकडे एकाच वस्तूचे' हे मेंदू अशा लयीवरून ओळखतो, असा त्यांचा तर्क. त्यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, तेव्हा टिपणात 'सिद्ध झालं' असं लिहू नका.

आठवणीची गोष्ट मात्र रापणीपेक्षा भजनाच्या जवळची, आणि 'समकालिक' शब्द नेमका इथे अपुरा पडतो. बुवांच्या तोंडून ओळ सुटते आणि मागचे ती उचलतात. दोन्ही एका क्षणी घडत नाहीत, तरी कोणी बेताल म्हणत नाही. डोनाल्ड हेब यांनी 1949 मध्ये मांडलं होतं, की एक पेशी दुसरीला पेटवण्यात वारंवार हातभार लावत असेल तर त्यांच्यातली जोड बळकट होते. पुढे प्रयोगांत दिसलं, की इशारा देणारी पेशी घेणारीच्या काही मिलिसेकंद अगोदर पेटली तर जोड बळावते, मागाहून पेटली तर बऱ्याचदा कमकुवत होते. वाटेने धावणाऱ्या उंदराच्या मेंदूत सेकंदाला आठेक संथ लाटा उठतात, आणि वाटेतल्या एकेका जागेला दाद देणारी पेशी लाटेच्या आपापल्या टप्प्यावर पेटते. आधीची जागा आधी, पुढची नंतर. वाटेचा क्रम असा एकेका लाटेत मावतो. सगळ्या पेशी खरोखर 'एकाच वेळी' पेटल्या तर क्रम उरणार कुठे? उलट, असंख्य पेशी बेफाम एकदम पेटत सुटणं हे फिटचं लक्षण.

म्हणून माझं मत 'लय जुळणे' या क्रियापदाला. मराठी क्रियापदावर चालते, आपणच तिला शासकीय पत्रांसारखी नामं चिकटवत बसतो. नाम हवंच असेल तर 'ताळमेळ' आहे. जमाखर्चाच्या वहीचा वास लागलाय त्याला, पण शब्द घरचा आहे. (मोबाइलमधलं 'सिंक करा' हे फोटोंपुरतं राहू दे.)

तुमचं वाक्य असं होईल: 'आठवण साठवताना चेतापेशींच्या गटांची लय जुळते.'

'समकालीन'ही खोडू नका, त्याच टिपणात त्याला जागा आहे. माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विद्युतलहरी 1924 मध्ये पहिल्यांदा टिपल्या हान्स बर्गर यांनी. त्यांनी 1929 मध्ये ते छापलं तेव्हा फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. 1934 मध्ये केंब्रिजच्या एड्रियन यांनी तोच प्रयोग करून दुजोरा दिला. बर्गर आणि एड्रियन समकालीन होते.