टेक्निशियन आणि रेडिओलॉजिस्ट एकमेकांशी बोलतच नाहीत. नवं मशीन घेतलं तर एक्स-रेचा दर्जा सुधारेल का?

नाही. आमच्याकडे नवं डीआर, म्हणजे डिजिटल एक्स-रे मशीन, आलं आणि त्यानंतरच काम बिघडलं, म्हणून सांगतो.

बावीस वर्षं एक्स-रे काढतोय. फिल्मच्या काळात एक्सपोजर जास्त झालं की फिल्म काळी पडायची, चोरी लगेच पकडली जायची. डीआरमध्ये उलटं. कमी पडलं की इमेज दाणेदार, जास्त दिलं की एकदम गुळगुळीत. पेशंटच्या अंगात किती गेलं, ते नुसत्या इमेजवरून कळत नाही.

आमच्या सरांनी एकदा रिपोर्टिंग रूममधून फोन केला, "कमरेच्या लॅटरलला दाणे येतायत, नीट काढत जा." (लॅटरल म्हणजे बाजूने काढलेला एक्स-रे.) आणि ठेवला. कुठला पेशंट, किती जाड, काही नाही. बोलणी कोण खाणार? आम्ही चौघांनी एमएएस, म्हणजे एक्स-रेची मात्रा, वाढवला. आधी कमरेचा, मग हळूहळू छातीचाही. सर खूश, आम्हीही खूश.

एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमाप्रमाणे दोन वर्षांनी क्यूए, म्हणजे मशीनची तपासणी, असते, त्यासाठी फिजिसिस्ट मॅडम आल्या. मशीन पास झालं. निघता निघता त्यांनी आदल्या दिवशीचा छातीचा एक्स-रे उघडला आणि कोपऱ्यातल्या बारीक आकड्यावर बोट ठेवलं: +4.7. "हे कोण बघतं?" कोणीच बघत नव्हतं. तो डेव्हिएशन इंडेक्स, एक्सपोजर ठरलेल्यापेक्षा किती कमी-जास्त ते सांगणारा. शून्य म्हणजे बरोबर, +3 म्हणजे दुप्पट, +4.7 म्हणजे जवळपास तिप्पट. पेशंट कोण, तर पंचेचाळीस किलोची बाई.

मॅडमनी सरांना खाली बोलावलं. कन्सोलपुढच्या स्टुलावर सर बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. अर्ध्या तासात बारीक, मध्यम, जाड पेशंटला किती एमएएस द्यायचा, असा तक्ता तयार. सर म्हणाले, "छातीत एवढे दाणे असले तरी मला चालतं, न्यूमोनिया दिसतो." अहो, मग हे फोनवर सांगायला काय झालं होतं! इतके रिपीट का होतात, तेही मावशींनीच सांगितलं: "तुम्ही आतून 'श्वास रोखा' ओरडता, म्हाताऱ्यांना ऐकूच जात नाही."

एका मीटिंगमध्ये मला सुनावलं गेलं होतं, "तुमचं काम बटण दाबायचं." बटण आम्ही दाबतो म्हणूनच आम्हाला विचारायला हवं. अमेरिकेत 2008 साली मुलांचा सीटी डोस कमी करायला 'इमेज जेंटली' मोहीम निघाली. तिच्यात बालरेडिओलॉजिस्टांच्या जोडीला टेक्नॉलॉजिस्ट आणि फिजिसिस्टांच्या संघटना सुरुवातीपासून होत्या. आमच्याकडे मात्र टेक्निशियनने तोंड उघडलं की आगाऊपणा.

तुम्ही एवढंच करा: आठवड्यातून एकदा रिजेक्ट केलेल्या दहा इमेज उघडा आणि रेडिओलॉजिस्टला शेजारी बसवा. यायचे नाहीत. पुन्हा बोलवा.

हो, हे वाचून कुणी एक्स-रे टाळू नका. छातीच्या एक्स-रेचा डोस मुळातच फार थोडा असतो. जाड पेशंटला एमएएस जास्त लागणारच. इंडेक्सही मशीनमध्ये टार्गेट, म्हणजे योग्य एक्सपोजरचा आकडा, नीट भरलेलं असेल तरच खरा. आणि मशीन खरंच म्हातारं झालं असेल तर बदला की.

तक्ता अजून कन्सोलला चिकटवलेला आहे. खाली सरांच्या अक्षरात "छाती: दाणे चालतील" आणि सही. सही मी मागून घेतली.