माझ्या 'आभाय'चं 'आभाळ' झालं ती गोष्ट

खानदेशातल्या खेड्यातून कुणी कवी कसा होतो, छोटे प्रकाशक पैसे घेऊनच पुस्तक काढतात का आणि पुढे काय होतं, असं तुम्ही विचारलंय. माझंच सांगतो. माझे दोन संग्रह आहेत. दोन्ही मिळून हजार प्रतीसुद्धा छापल्या नाहीत.

पारोळा तालुक्यात बोरी नदीकाठी आमचं गाव. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर होते. रद्द झालेल्या पावत्या ते घरी आणायचे, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी लिहायचो. पावती अरुंद, म्हणून ओळी आखूड. पुढे एका परीक्षणात त्याला 'मितभाषी शैली' म्हटलं गेलं. असो.

बालकवी शेजारच्या धरणगावचे, १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात गाजले तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते, हे मास्तरांनी इतक्यांदा ऐकवलं की सतरावं उलटलं तेव्हा मला आपलं संपलंच असं वाटलं. धीर दिला तो बहिणाबाईंनी. त्या १९५१ मध्ये गेल्या, पुस्तक आलं १९५२ साली. आणि आलं ते बोलीसकट.

मधली दहा वर्षं सांगण्यासारखी नाहीत. मेडिकल दुकानात नोकरी, पेपरच्या रविवार पुरवणीत चार कविता, एका अनियतकालिकात सात (ते मग बंदच पडलं, माझ्यामुळे नसावं), बाकी 'साभार परत'.

पहिला संग्रह २०१४ चा. पाच फॉर्म, म्हणजे ८० पानं, डेमी आकार, ३०० प्रती. हो, पैसे मी दिले: अठरा हजार, दोन हप्त्यांत. प्रकाशक म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर आणि डीटीपी करणारा एक मुलगा. माणसं चांगली होती, तरी घोळ झालाच. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो: डोया, शाया, आभाय. मी प्रूफ (छपाईआधी तपासायची प्रत) एकदाच पाहिलं. त्यानंतर कुणीतरी शुद्धलेखन म्हणून अशा शब्दांतल्या 'य'चे 'ळ' करून टाकले.

गठ्ठा घरी आला. मायला वाचता येत नाही, म्हणून मी कविता वाचून दाखवायला बसलो. आभाय आणि माय असं यमक होतं. तिथे आता 'आभाळ' आणि 'माय'. वाचता वाचता मीच अडखळलो. ती म्हणाली, "आपला घरमा आसं कोन बोलस?"

प्रत्येक प्रतीत अकरा चुका. दुकान बंद झालं की शटर अर्धं ओढून, काळं जेल पेन घेऊन बसायचो. 'ळ'वर पांढरं लावायचं, फुंकर मारायची, वर 'य' काढायचा. १८० प्रती झाल्यावर हात टेकले. उरलेल्या १२० खाटेखाली गेल्या.

दुसऱ्या संग्रहाला त्याच खोलीत गेलो. लोक हसले, पण भांडून दुसरीकडे जाऊन काय मिळणार होतं? या वेळी आधी शब्दांची यादी दिली, 'हे बदलू नये' असं वर लिहून, आणि छपाईला जाण्याआधीच्या शेवटच्या प्रूफच्या प्रत्येक पानावर सही केली. तुम्हीही तेवढं कराच. शिवाय एकदम ३०० न छापता ५०-५० करून घ्या. एका प्रतीमागे खर्च जास्त पडतो, पण खाटेखाली जागा राहते.

विक्री म्हणाल तर २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन भरलं, १९५२ नंतर पहिल्यांदाच. मित्राच्या स्टॉलच्या कोपऱ्यात माझ्या २३ प्रती गेल्या. माझ्या हिशेबात हा विक्रम आहे. त्यातली एक घेणाऱ्या आजोबांनी मात्र पहिला संग्रहही मागितला. पिशवीत दुरुस्त न केलेलीच प्रत होती. दहा मिनिटं थांबा म्हटलं आणि पेन शोधायला लागलो.