सीटीच्या स्लाइसपासून केलेलं लिव्हरचं थ्रीडी मॉडेल पायऱ्यापायऱ्यांचं येतंय, कोणतं स्मूदिंग वापरू?

तुम्ही लिहिलंय की फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे. लिव्हरच्या ४० स्लाइस जेपीजीमध्ये मिळाल्या आहेत, प्रत्येक ५ मिमीची. मास्क (स्लाइसमध्ये लिव्हर कुठे आहे हे दाखवणारं शून्य-एकचं चित्र) हाताने काढले, मार्चिंग क्यूब्स (त्यातून थ्रीडी पृष्ठभाग बनवणारी पद्धत) चालवलं आणि मॉडेल घाटातल्या भातखाचरांसारखं दिसतंय. गाइड म्हणतात, स्मूद करून टाका. तर लाप्लासियन स्मूदिंग वापरू की दुसरं काही, एवढाच तुमचा प्रश्न.

स्मूदिंगचं सांगते, पण आधी एक गोष्ट. तुमच्या मॉडेलमधल्या पायऱ्या खऱ्या आहेत. स्लाइसच्या आत पिक्सेल साधारण ०.७ मिमीचा असतो आणि एका स्लाइसपासून दुसरी ५ मिमीवर. म्हणजे उभ्या दिशेने तुमचा डेटा सातपट विरळ आहे आणि मॉडेल तेच दाखवतंय. त्यावर इस्त्री फिरवलीत तर माहिती वाढत नाही, विरळपणा फक्त झाकला जातो. "जरा स्मूद करून टाक" या एका वाक्यावरून माझं आणि आमच्या तेव्हाच्या साहेबांचं कायम वाजायचं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत सेगमेंटेशन, म्हणजे स्कॅनमधले अवयव वेगळे काढायचं काम, करायचे. हॉस्पिटलकडून सीटी यायचा, आम्ही लिव्हर, पोर्टल व्हेन (लिव्हरमध्ये रक्त आणणारी शीर), हिपॅटिक व्हेन (रक्त बाहेर नेणारी), आर्टरी वेगवेगळ्या रंगांत काढून सर्जनना मॉडेल द्यायचो, कधी स्क्रीनवर, कधी प्रिंट करून. आपल्या देशात लिव्हर ट्रान्सप्लांट बहुतेक जिवंत दात्याकडूनच होतात. धडधाकट माणूस टेबलावर झोपतो आणि त्याचं अर्धंअधिक लिव्हर काढून घेतात. दात्याकडे किती उरणार, कोणती शीर कुठे कापली जाणार, हे आधी कळावं म्हणून हे सगळं. त्यामुळे "मॉडेल छान दिसतंय" या शब्दांचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

एकदा एका मुलीचा सीटी आला. वडिलांना राइट लोब, म्हणजे लिव्हरचा उजवा भाग, देणार होती. राइट लोब काढताना मिडल हिपॅटिक व्हेन बहुतेक वेळा दात्याकडेच ठेवतात. पण सेगमेंट पाच आणि आठचं (लिव्हरच्या आठ भागांपैकी उजवीकडचे दोन) रक्त काही प्रमाणात याच व्हेनमध्ये येतं. त्या फांद्या कापल्या जातात, आणि जाड असतील तर घेणाऱ्याच्या शरीरात त्या ग्राफ्ट (जोडनळी) घालून पुन्हा जोडाव्या लागतात. नाहीतर तेवढ्या भागात रक्त तुंबतं. साधारण ५ मिमीच्या वरची फांदी असेल तर बरेच सर्जन ती सोडत नाहीत. म्हणजे अख्ख्या मॉडेलमधला सगळ्यात मोलाचा भाग हा असा बोरूएवढा.

सीडीवर फक्त ५ मिमीची सिरीज होती. व्हीनस फेज (डाय शिरांत पोचल्यावरचा स्कॅन) छान मिळाला होता, शिरा उजळ होत्या. मी थ्रेशोल्ड लावला (ठरावीक उजळपणाच्या वरचं तेवढंच घेतलं), मुख्य तिन्ही व्हेन लगेच आल्या. सेगमेंट आठमध्ये मात्र लागोपाठच्या दोन स्लाइसमध्ये दोन फिकट ठिपके होते, एकमेकांपासून दूर, कशालाच न जोडलेले. आयलंड रिमूव्हल चालवलं की असे ठिपके आपोआप उडतात. साहेब मागे उभे होते. म्हणाले, "नॉइज आहे, काढ. इंटरपोलेट कर, स्मूद कर आणि संध्याकाळपर्यंत पाठव."

तो नॉइज नव्हता, आणि असं मला का वाटलं ते नीट सांगते, कारण तुमच्या डेटातही हेच होणार आहे. उभ्या रेषेशी ६० अंशांचा कोन करून जाणारी शीर ५ मिमी खाली येईपर्यंत साडेआठ मिमीहून जास्त बाजूला सरकते. प्रत्येक जाड स्लाइसमध्ये तिची टोकं आजूबाजूच्या लिव्हरमध्ये मिसळून फिकट पडतात, कारण एका व्हॉक्सेलमध्ये (स्कॅनच्या एका थ्रीडी ठोकळ्यात) थोडी शीर आणि थोडं लिव्हर असलं की दोन्हींची सरासरी नोंदली जाते. मग थ्रेशोल्ड ती टोकं खातो आणि मधला ठिपका तेवढा शिल्लक राहतो. पुढच्या स्लाइसमधला ठिपका याच्या खाली येतच नाही, बाजूला असतो. पण एका दिशेने, एका रेषेत सरकलेले दोन ठिपके मिडल हिपॅटिक व्हेनकडे बोट दाखवत असतील, तर तो नॉइज कसा म्हणायचा? नॉइजला दिशा नसते.

इंटरपोलेशनने, म्हणजे दोन स्लाइसमधली जागा अंदाजाने भरून, हे सुटत नाही, हे मी तेव्हाही सांगत होते. शेप-बेस्ड इंटरपोलेशन, राया आणि उडुपा यांनी १९९० मध्ये मांडलेलं, चांगलंच आहे. प्रत्येक स्लाइसमधल्या मास्कचा डिस्टन्स मॅप (प्रत्येक बिंदू कडेपासून किती दूर) काढायचा, आत धन, बाहेर ऋण, दोन मॅपच्या मधली किंमत घ्यायची आणि शून्य येईल तिथे नवी कड मानायची. लिव्हरच्या बाहेरच्या आकारासाठी उत्तम, तुम्हीही वापरा. पण दोन स्लाइसमधले छेद एकमेकांवर येतच नसतील तर मधल्या स्लाइसमध्ये किंमत कुठेच धन होत नाही. शीर मध्येच गायब. म्हणजे जाड अवयवाला हे तंत्र तारतं आणि नेमक्या बारीक शिरेला मारतं.

सीटी सेंटरला फोन करायला साहेबांचा विरोध होता. सारखे फोन केले की ते लोक वैतागतात, काम दुसरीकडे जाईल, हे त्यांचं कायमचं म्हणणं. मी केला. टेक्निशियन म्हणाला, "मॅडम, रॉ डेटा अजून कन्सोलवर आहे. पण डिस्क भरली की जुनं आपोआप उडतं, उद्याचं सांगता येत नाही. थिन रीकन टाकतो, कुणालातरी पाठवा." मीच पेनड्राइव्ह घेऊन गेले. पेशंटला पुन्हा स्कॅनरमध्ये घालायचं नव्हतं, रेडिएशनचा प्रश्न नव्हता. मशीनने गोळा केलेला डेटा तोच, फक्त त्यातून १ मिमीचे काप पाडायचे. मुळात थिन सिरीज असतेच किंवा करता येते. सीडीवर जाड दिली जाते, कारण फाइल कमी होतात आणि वाचायला सोपं पडतं. हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरी कुणी मागत नाही.

१ मिमीत ती शीर अखंड होती. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत आणि तिथून थेट मिडल हिपॅटिक व्हेनमध्ये. मिळते तिथे ५ मिमीच्या वर. मॉडेल गेल्यावर सर्जनचा फोन आला. ही फांदी कोणत्या स्लाइसपासून कोणत्या स्लाइसपर्यंत दिसते, एवढंच विचारलं. मी नंबर सांगितले, त्यांनी समोर सीटी उघडून खालीवर करून पाहिलं आणि "ठीक, ग्राफ्ट तयार ठेवू" म्हणाले. मॉडेलच्या दिसण्याबद्दल एक अक्षर नाही. साहेबांचं म्हणणं शेवटपर्यंत हेच की सर्जन सीटी बघतातच, मग आपण एवढं कशाला ताणायचं. माझं म्हणणं असं की बघणारच असतील तर आपलं मॉडेल त्या सीटीशी जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर ते देऊच नये.

हा वाद नवा नाही. १८८३ मध्ये ब्रेस्लाउ (आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) इथे गुस्टाव्ह बोर्न हे भ्रूणशास्त्रज्ञ (भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न यांचे वडील) हेच काम मेणाच्या पाट्यांवर करत होते. सूक्ष्मदर्शकाखालच्या कापाची बाह्यरेषा मोठी करून मेणावर काढायची, कापायची आणि पाट्या एकावर एक रचायच्या. पाटीची जाडी म्हणजे कापाची जाडी गुणिले मोठं करण्याचं प्रमाण. १० मायक्रॉनचा काप १०० पट मोठा केला तर पाटी बरोबर १ मिमीची हवी. शेवटी तापलेल्या हत्याराने पायऱ्या वितळवून गुळगुळीत करायच्या. स्मूदिंग तेव्हाही होतं, पण जाडीचा हिशोब पक्का केल्यावर. तुमच्या स्लाइस खरंच ५ मिमी अंतरावर आहेत का, हे तुम्ही तपासलंय का? जाडी ५ आणि अंतर २.५ असंही असतं, काप एकमेकांवर चढवलेले असतात. डायकॉममध्ये (सीटीच्या मूळ फाइलमध्ये) स्लाइस थिकनेसवर भरवसा ठेवू नका, लागोपाठच्या स्लाइसच्या इमेज पोझिशनमधला फरक काढा. जेपीजीत हे काहीच राहत नाही. हाउन्सफील्ड युनिटही जातात. मुळात हवा उणे १०००, पाणी शून्य अशी मोजपट्टी असते, जेपीजीत २५६ करड्या छटा उरतात आणि त्याही कुणीतरी निवडलेल्या विंडोतल्या (किमतींच्या पट्ट्यातल्या). जेपीजीवर लिव्हरचं मॉडेल करू नका. गाइडनी दिल्या असतील तरी करू नका.

आता तुमचा प्रश्न. पायऱ्यांचं एक कारण स्लाइसचं अंतर, दुसरं तुमचा शून्य-एकचा मास्क. लॉरेन्सन आणि क्लाइन यांनी १९८७ मध्ये मार्चिंग क्यूब्स मांडलं ते करड्या किमतींसाठी. क्यूबच्या कडेवर पृष्ठभाग नेमका कुठे कापतो, हे दोन टोकांच्या किमतींवरून ठरतं. दोन टोकं शून्य आणि एकच असतील तर प्रत्येक बिंदू कडेच्या बरोबर मध्यावर पडणार, मग पायऱ्या येणारच. त्यामुळे मास्क थेट देऊ नका. त्याचा डिस्टन्स मॅप काढा, उभ्या दिशेने इंटरपोलेट करा, त्यावर मार्चिंग क्यूब्स चालवा. निम्म्याहून जास्त पायऱ्या तिथेच जातील. उरलेल्यांसाठी साधं लाप्लासियन नको, ते प्रत्येक बिंदूला शेजाऱ्यांच्या सरासरीकडे ओढतं आणि मॉडेल आकसतं. लिव्हरला फारसं जाणवत नाही, ४ मिमीची शीर मात्र सुतासारखी होते. टाउबिन (Taubin) यांचं १९९५ चं फिल्टर घ्या, एक पाऊल आत, एक पाऊल बाहेर, त्यामुळे आकसणं आटोक्यात राहतं. व्हीटीके या ग्राफिक्स लायब्ररीमधलं विंडोड सिंक त्याच जातीचं. थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात हे सगळं मिळतं, ग्रो फ्रॉम सीड्ससुद्धा (थोड्या खुणा केल्या की अवयव आपोआप वेगळा काढणारं साधन). शिरा आणि लिव्हर यांना एकच स्मूदिंग लावू नका.

आणि स्मूद केल्यावर मॉडेलची कड परत मूळ स्लाइसवर टाकून बघा, प्रत्येक स्लाइसवर. लाल रेघ लिव्हरच्या कडेवरून जाते की आतून, हे डोळ्यांना लगेच दिसतं. ही एक सवय सोडून बाकी सगळं विसरलात तरी चालेल. साहेबांनी हे आमच्या चेकलिस्टमध्ये कधीच घालू दिलं नाही, वेळ जातो म्हणून.

एआयबद्दल कुणीतरी सांगेलच, म्हणून आत्ताच. टोटलसेगमेंटेटर, सीटीतले अवयव आपोआप ओळखणारं सॉफ्टवेअर, बाझेलच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या लोकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेलं, खरंच चांगलं आहे. १,२०० हून जास्त सीटींच्या संचावरून तयार केलं, तेव्हा १०४ रचना ओळखायचं. हाताने मास्क काढत बसण्यापेक्षा लिव्हरच्या बाहेरच्या कडेसाठी तेच वापरा. पण त्याचं मुख्य मॉडेल १.५ मिमीवर काम करतं, आणि असल्या कामांचं यश डाइस स्कोअरने (दोन मास्क किती जुळतात याचा आकडा) मोजतात. दीड लिटरच्या लिव्हरमध्ये एक बारीक शीर पूर्ण चुकली तरी डाइसला पत्ता लागत नाही. "डाइस ०.९६ आला" हे वाक्य मी मीटिंगमध्ये इतक्यांदा ऐकलंय की त्याने माझं समाधान होत नाही.

एक मान्य करायला हवं. सगळ्या मॉडेलना हे सोवळं नको. पेशंटला किंवा नातेवाइकांना ऑपरेशन समजावायचं असेल, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शिकवायचं असेल, तर गुळगुळीत मॉडेल बरंच, पायऱ्यांनी ते उगाच गोंधळतात. आणि माझ्या त्या केसमध्ये थिन सिरीज नसती तरी रेडिओलॉजिस्टने शीर पकडली असती, हे शक्य आहे. ऑपरेशन एका मॉडेलवर कुणी करत नाही. पण मॉडेल कशासाठी हे त्यावर लिहिलेलं हवं. मी प्रिंटच्या खालच्या बाजूला स्लाइसची जाडी आणि स्मूदिंग कोरायला सुरुवात केली होती, अगदी दोन ओळी. क्लायंटला वाईट दिसतं म्हणून ते बंद झालं, आणि थोड्याच दिवसांत मी तिथलं काम सोडलं. तुमच्या रिपोर्टमध्ये या दोन ओळी पहिल्या आकृतीखालीच टाका. गाइड का म्हणून विचारतील, तर वरचा ६० अंशांचा हिशोब त्यांना कागदावर करून दाखवा.

डेटा हवा असेल तर स्ट्रासबूर्गच्या इरकाड संस्थेचा थ्रीडी-इरकाडबी उतरवून घ्या. २० पेशंटचे सीटी आहेत, डायकॉममध्ये, लिव्हर आणि शिरांचे मास्क तज्ज्ञांनी काढलेले. त्यातली एक बारीक स्लाइसची केस घ्या, मधल्या स्लाइस टाकून देऊन स्वतःच ती ५ मिमीची करा, मग तुमचं मॉडेल आणि त्यांचा मास्क ताडून बघा कोणत्या शिरा गेल्या. प्रोजेक्ट यातच होतो. अडलं तर कमेंटमध्ये स्लाइसवर टाकलेली कड पाठवा. नुसत्या मॉडेलच्या स्क्रीनशॉटवरून मला काही सांगता येणार नाही.