वाचकांचे प्रश्न: बेटांच्या प्लॅस्टिक नोटा खऱ्या की शोभेच्या?

प्रश्न: बेळगावातील एका प्रदर्शनात मी ईस्टर आणि गॅलापागोस या बेटांच्या नावाच्या चार पॉलिमर (म्हणजे प्लॅस्टिकच्या) नोटा घेतल्या. त्यांना पारदर्शक खिडकीही आहे. या चलनी नोटा आहेत का? आमच्याकडच्या पावसाळ्यात त्या कशा जपाव्यात?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: आपण हौसेने घेतलेल्या वस्तूबद्दल असे लिहिताना वाईट वाटते, परंतु त्या चलनी नोटा नाहीत. ईस्टर बेट चिलीचे असून तेथे चिलीचा पेसो चालतो, आणि गॅलापागोस ज्या इक्वेडोरचा भाग आहे त्या देशाने 2000 साली अमेरिकी डॉलर स्वीकारला. अशा नोटा खासगी मंडळी केवळ संग्राहकांसाठी छापतात. पारदर्शक खिडकी हा खरेपणाचा पुरावा नव्हे, कारण पॉलिमरवर छपाई खासगी छापखान्यातही करता येते. म्हणून आधी त्या प्रदेशात कोणते चलन चालते ते पाहावे आणि मग नोटेवर ते काढणाऱ्या मध्यवर्ती बँकेचे किंवा सरकारचे नाव शोधावे.

खऱ्या नोटांतही वेचण्याजोगे पुष्कळ आहे. अँग्विला आणि माँटसेरात या ब्रिटिश ताब्यातील छोट्या बेटांवर शेजारच्या सहा देशांबरोबर पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो. त्याच्या 2019 पासूनच्या पॉलिमर नोटा उभ्या मांडणीच्या आहेत, आणि 2023 मध्ये तेथील मध्यवर्ती बँकेच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त दोन डॉलरची नोट निघाली. स्वतंत्र बेट-देशही चालणार असतील, तर पश्चिम सामोआची (आजचा सामोआ) 1990 ची दोन ‘ताला’ या तेथील चलनाची आणि सॉलोमन बेटांची 2001 ची दोन डॉलरची नोट अवश्य पाहावी. माझ्या मते मात्र सर्वांत वेधक आहे ती ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधील आइल ऑफ मॅन या बेटाची 1983 ची एक पौंडाची नोट. ती आजच्या नोटांप्रमाणे पॉलीप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर नसून प्लॅस्टिकच्या तंतूंपासून केलेल्या कागदासारख्या पदार्थावर छापलेली आहे.

खानापुरात भिंतींना ओल धरते तेव्हा कागदी नोटांना बुरशीचे भय असते. पॉलिमरला ते फारसे नसते, मात्र उष्णता सोसत नाही. घडी मोडण्यासाठी इस्त्री फिरवल्यास नोट आकसते. पीव्हीसीच्या पिशव्यांतील मऊपणा आणणारी द्रव्ये कालांतराने पाझरून नोटेला चिकटतात, त्यामुळे पॉलिएस्टरच्या पिशव्या वापराव्यात. आपल्या त्या चार नोटा टाकून देऊ नयेत; संग्रहात वेगळ्या पानावर, ‘खासगी छपाई’ अशी चिठ्ठी लावून ठेवाव्यात.