बाजारातलं चिकन तीन पाण्यांनी धुतो, तरी पोट का बिघडतं?

धुण्यानं जंतू जात नाहीत. उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारी ठेवलेल्या सांबारावर (कोथिंबीर हो!) उडतात. खरी गडबड त्याआधीच, दुकानात झालेली असते.

साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जंतू धडधाकट कोंबडीच्या आतड्यातही असतात. आमच्या यवतमाळकडच्या आठवडी बाजारात पाहा: पिसं सैल करायला गरम पाण्याचा ड्रम एकच, पाणी सकाळचंच, दुपारपर्यंत चहाच्या रंगाचं. विष्ठेनं माखलेली पिसं त्यातच बुडतात, पुढची कोंबडीही त्यातच. मग पिसं काढायच्या मशीनची रबरी बोटं ती घाण कातडीवर चोळतात. त्याहून नाजूक काम पोट काढण्याचं. सुरी जरा खोल गेली की आतडं फुटतं, आणि तीच सुरी, तोच हात, तोच लाकडी ठोकळा पुढच्या गिऱ्हाइकाला. म्हणून आतडं रिकामं राहावं यासाठी जाणकार लोक कापण्याआधी 8-10 तास दाणा बंद करतात, पाणी मात्र चालू ठेवतात.

मी स्वतः सकाळी दुकान उघडताच जातो, तेव्हा ड्रममधलं पाणी तरी ताजं असतं. मे महिन्यात 45 अंशात चिकनची पन्नी (पिशवी हो!) गाडीच्या हँडलला लटकवून गावभर फिरू नका. घरी आणलं की लगेच शिजवा. हाडाजवळचं मांस 74 अंशांपर्यंत तापलं की हे जंतू मरतात. सावजी मसाल्याच्या तिखटानं ते मरत नाहीत, आणि तोंडी लावायचा कच्चा कांदा चिकनच्याच पाटावर चिरला तर रस्सा कितीही उकळा, काय उपयोग?