रिफ ढिगानं, गाणं एकही नाही

प्रश्न : आमच्या चौघांच्या रॉक बँडकडे गिटारचे रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारे छोटे तुकडे, भरपूर आहेत, पण गाणं पुरं होत नाही. आणि रेकॉर्डिंगला एकत्र वाजवायचं की एकेकट्यानं?

उत्तर : रिफ जमवणं थांबवा. एकच धरा आणि गायकाला त्यावर निरर्थक अक्षरं गाऊ द्या. चाल बसली की शब्द येतात. उलट्या क्रमानं माझं तरी क्वचितच जमलं. मी बेसवाला, म्हणजे पक्षपाती, पण कोरसला, म्हणजे ध्रुवपदाला, गिटारची कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) तीच ठेवून बेसचा सूर बदलून बघा. सी मेजरखाली सीऐवजी ए वाजवा, तीच कॉर्ड ए मायनर सेव्हन होते आणि गाण्याचा चेहराच उतरतो.

रेकॉर्डिंग एकेकट्यानं करा : आधी क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या लयीच्या टिकटिकीवर, कच्ची गिटार, त्यावर ड्रम, मग बेस. ऱ्हिदम गिटार खरोखर दोनदा वाजवा, एक डावीकडे, एक उजवीकडे. एकाच टेकची, म्हणजे एकदाच वाजवलेल्याची, कॉपी दोन्हीकडे टाकली तर ती मधोमधच ऐकू येते. गायन शेवटी. ड्रमर क्लिकला बुजत असेल तर ड्रम आणि बेस एकत्रच घ्या, समोरासमोर बसून. आणि हो, गिटारच्या तारा आदल्या दिवशीच बदला. नव्या तारांचा सूर सारखा उतरतो.