शेवटचं वर्षच डोळ्यांसमोर येतं, आधीच्या आई आठवत नाहीत

"आईंना जाऊन दहा महिने झाले. ९२ वर्षं जगल्या, त्यातली ९० स्वतःच्या पायांवर. पण डोळे मिटले की मला नाकातली नळी आणि पाठीवरची जखमच दिसते. आधीच्या आई आठवतच नाहीत. माझ्यात काही बिघडलंय का?"

हे विचारणाऱ्या, माझ्याकडे मन मोकळं करायला आलेल्या ताई साठीच्या उंबरठ्यावर होत्या. आई म्हणजे त्यांच्या सासूबाई. (ताईंच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वर्षश्राद्ध जवळ आलं होतं आणि थोरले दीर म्हणाले होते, "शेवटपर्यंत तूच केलंस, चार शब्द तूच बोल." ताई कागद घेऊन बसल्या, 'कष्टाळू' आणि 'प्रेमळ' लिहिलं, आणि पेन थांबलं. भर म्हणून जो भेटेल तो म्हणे, "सोनं झालं हो त्यांचं!" त्यामुळे इतक्या पिकल्या वयाच्या माणसासाठी रडणंही त्यांना चुकीचं वाटू लागलं होतं.

मला हे 'सोनं झालं' ऐकलं की वाईट वाटतं. म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण ऐकणाऱ्याचं रडू आत ढकललं जातं. जवळजवळ ४० वर्षं एका स्वयंपाकघरात वावरलेलं माणूस गेलं होतं. तिथे वयाचा हिशोब लावायचाच कशाला?

आधी मी झोप, जेवण, घरातली कामं, जगणं नको वाटतं का, हे सगळं नीट विचारलं. शोक महिनोन्‌महिने तितकाच तीव्र राहिला आणि रोजचं जगणंच ठप्प झालं, तर तो वेगळा विकार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्यासाठी किमान सहा महिन्यांचा काळ धरला आहे. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटायलाच हवं. १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत फोनसेवाही आहे. ताईंचं तसं नव्हतं. त्या जेवत होत्या, भजनाला जात होत्या, नातवाला शाळेत सोडत होत्या.

मग आधीच्या आई गेल्या कुठे? आठवण सगळ्या काळाला सारखी जागा देत नाही. १९९६ मध्ये डोनाल्ड रेडेलमायर आणि डॅनियल कानेमन या संशोधकांनी वेदनादायक तपासणीतून गेलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. त्रास किती वेळ चालला यापेक्षा सर्वांत जास्त कधी दुखलं आणि शेवट कसा झाला, यावरच त्यांची आठवण ठरत होती. तपासणी वेगळी आणि आयुष्य वेगळं, हे मान्य. पण शेवटाचं वजन जास्त पडतं हे काळजी घेणाऱ्या घरांमध्ये मी सतत पाहते. आणि हा शेवट ताईंनी लांबून पाहिला नव्हता. रात्री दोन-दोन तासांनी उठून कूस बदलली होती, जखम धुतली होती.

म्हणून 'चांगलं तेवढं आठवा' असं मी सांगत नाही. आधी ते शेवटचं वर्षच पूर्ण बोलू दिलं. त्याबद्दल घरात कुणाशीच बोलले नाही, असं ताईंनी सांगितलं. एकदा जखम धुताना आईंनी हात झटकला आणि ताई चिडून ओरडल्या, हे सांगताना त्या फार रडल्या. ते सगळं बाहेर आल्यावरच पुढे जाता आलं.

पुढच्या भेटीत मी 'आई कशा होत्या' हे विचारलंच नाही. त्याचं उत्तर 'प्रेमळ' असंच येतं आणि गप्पा तिथेच संपतात. मी विचारलं, "सकाळी उठून पहिलं काय करायच्या?"

"पिंप बघायच्या," ताई लगेच म्हणाल्या. "पाणी आलं की नाही ते. चहा नंतर." आणि मग थांबल्याच नाहीत.

सासूबाई लग्न होऊन साताऱ्याकडून लालबागच्या चाळीत आल्या. नवरा गिरणीत. दहा बाय बाराच्या खोलीत त्यांनी खाणावळ चालवली. गावाकडून आलेले, गाळ्यात दाटीवाटीने राहणारे कामगार पाळीप्रमाणे जेवायला येत. पैसे पगाराला, तोवर वाण्याकडे उधारी. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अशाच बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्यातून बँकेचं कर्ज मिळालं आणि सावकाराकडचे डोरल्याचे मणी सुटले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. ताई लग्न होऊन आल्या त्या १९८४ मध्ये, रिकाम्या होत चाललेल्या खाणावळीत. नंतर आईंनी मसाले करून द्यायला सुरुवात केली. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला. ऐंशी ओलांडल्यावरही लालबागच्या बाजारात मिरचीचं देठ मोडून बघायच्या आणि दुकानदाराला परत द्यायच्या.

"आणि मला फार बोलायच्या हो," ताई हळूच म्हणाल्या. "पोळी जाड झाली की चारचौघांत." हे सांगायला त्यांना माझी परवानगी हवी होती. मी म्हटलं, तेही सांगा. तोंडाने फटकळ असलेल्या बाईला नुसतं प्रेमळ म्हणत राहिलं, तर ती ओळखू कशी येणार?

संपाआधीची आई मात्र ताईंकडे नव्हतीच, ती इतरांकडे होती. मी त्यांना फोन करायला सांगितलं. पाटण तालुक्यात राहणारे, तेव्हा खाणावळीत जेवणारे एक काका बोलले. संपात आईंनी त्यांना कित्येक महिने उधारीवर जेवू घातलं होतं. सगळ्यांनी पैसे फेडले नाहीत, आणि न फेडणाऱ्यांची नावं आई शेवटपर्यंत विसरल्या नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. दोघंही फोनवर हसले.

दिरांना खाणावळीचा विषय नको होता. "आता लोकांना ते कशाला?" असं त्यांचं म्हणणं. ताईंनी ऐकून घेतलं, तरी वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर पिंपापासूनच सुरुवात केली. पुण्यात नोकरी करणाऱ्या नातीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने फोनवर रेकॉर्ड केलं.

नळी अजूनही कधीकधी दिसते, ताई सांगतात, पण आता ती एकटी येत नाही. परवा त्या आल्या तेव्हा त्यांना वेगळीच चिंता होती. आईंचा मसाला नातीला लिहून द्यायचाय, पण किलोभर मिरचीला धणे अर्धा किलो की पाव, यावरून दोन्ही नणंदांचं कडाक्याचं भांडण झालंय आणि दोघीही म्हणतात, "आईनं मला स्वतः शिकवलंय."